अकरा माणसांची एक छाती

९ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद लिहायला विसरले नाही. लिहिले नाहीत.

दोन वर्षांत हे पहिलं पत्र. फोन करणार होते. पण फोनवर तू "हो ताई, बघतो ताई" म्हणतोस आणि ठेवून देतोस, आणि मला दोन दिवस उगाच वाटत राहतं की काहीतरी ठरलंय. कागदाचं तसं नसतं. उत्तर आलं तर आलं. नाही आलं तर नाही आलं, हेही दिसतं.

आधी कामाचं. १४ एप्रिलला सकाळी अकरा वाजता भरपाई मंडळासमोर तुझ्या दाजींची सुनावणी आहे. त्यांच्याबरोबर आणखी दहा जणांची. त्यांतले चौघे वारलेत, त्यांच्या बायका येणार आहेत. तू यायचंस आणि एवढंच सांगायचंस की कंपनीनं दाखवलेले छातीचे फोटो तुझे आहेत. भाषण नको. रडारड नको. एक वाक्य.

दाजी आता बसून झोपतात. आडवं झालं की श्वास अडतो. खाटेपासून नळापर्यंत जाताना एकदा थांबावं लागतं, म्हणून वाटेत मी स्टूल ठेवलंय. त्या स्टुलाला ते स्टेशन म्हणतात. शेजारीण आली आणि ते तिथे बसलेले असले की सांगतात, "गाडी उभी आहे. सिग्नल मिळाला की निघते." शेजारीण हसते. मी हसत नाही, कारण सिग्नल मिळायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे.

मंडळानं कंपनीला विचारलं, या माणसाच्या फुप्फुसांत खाणीतली धूळ कशी? कंपनीनं लिहून दिलं: अर्जदाराचे सलग नऊ वर्षांचे फोटो निर्दोष आहेत, सबब आजार नोकरीत लागलेला नाही. बहुधा जुना क्षय. बहुधा तंबाखू. दाजींनी जन्मात तंबाखूला हात लावला नाही. पत्र वाचून म्हणाले, "आता सुरू करू का? निदान एक आरोप तरी खरा होईल."

नऊ फोटो कंपनीनं मंडळाकडे पाठवलेत. पाकिटावर दाजींचा नंबर. आत तू.

तेव्हा तुम्ही दोघांनी मिळून जे ठरवलंत ते ठरवलंत. पुरुषांच्या गोष्टीत मी पडले नाही. पण आता ते निस्तरायची वेळ आली आहे आणि निस्तरू शकेल असा एकच माणूस जिवंत आणि धडधाकट आहे. तो तू.

मंडळानं "आजार खाणीचा" असं लिहून दिलं तर ऑक्सिजनचं मशीन आणि औषध कंपनीच्या माथी, आणि क्वार्टर सोडायची नोटीस मागे. नाही लिहिलं तर जूनमध्ये घर रिकामं करायचं. या माणसाला घेऊन मी कुठल्या जिन्यावर चढू ते सांग.

ताई

*

२७ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. ऑफिसच्या कागदावर छापून पाठवलंस. सहीसुद्धा हेडक्लार्कची केलीस, हुद्द्याच्या शिक्क्यासकट. कागदाच्या माथ्यावर लाल अक्षरांत घोषणा आहे: आधी सुरक्षा, मग उत्पादन. ती मी दाजींना वाचून दाखवली. ते इतके हसले की नंतर वीस मिनिटं भाड्याचं मशीन लावावं लागलं. पुन्हा असल्या कागदावर लिहू नकोस, त्यांना विनोद सोसवत नाही.

तू तीन गोष्टी लिहिल्यास. तुला दोन मुली आहेत. कायद्यानं बघितलं तर तूच अडकशील. आणि जे केलंस ते आमच्यासाठी केलंस. तिन्ही खऱ्या. मी खोडणार नाही. पण तिन्ही तू अशा क्रमानं लिहिल्यास की शेवटी मी आभार मानून पत्र बंद करावं.

आता माझं ऐक. तू दिवेखोलीत होतास. खाली जाणाऱ्यांच्या टोपीवरचे दिवे द्यायचे, वर आल्यावर मोजून घ्यायचे. तू खाली गेलास तो दोनदा, तोही पाहुण्यासारखा. म्हणून तुला सांगते, आणि तुझ्या त्या लाल घोषणेलाही.

ड्रिल दगडात शिरतं तेव्हा त्याच्या पोटातून पाणी सोडायचं असतं. धूळ चिखल होऊन खाली पडते, माणसाच्या छातीत जात नाही. एवढंच आहे ते. यात शास्त्र नाही, पाण्याची नळी आहे. पण पाण्यानं काम हळू होतं आणि पाळीची भोकं पुरी होत नाहीत. म्हणून नळी गुंडाळून कोपऱ्यात. सरकारी पाहणी असली की आदल्या दिवशी नळ्या जोडायच्या. पंपवाला तेव्हा खाली ओरडत जायचा, "चला रे, आज दगडाला आंघोळ! साहेब येणार!" साहेब यायचे, ओला दगड बघायचे, वहीत लिहायचे, जायचे. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत पंप बंद.

दाजी घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. मी म्हणायचे, म्हातारे होऊन आलात. धूळ काळी असती तर मला भीती वाटली असती. ती पिठासारखी होती. तिला वाससुद्धा नव्हता.

आणि तोंडाला काय? वर्षाला एक फडका. निळा. दोन धुण्यांत विरायचा. तो मिळाल्याची मात्र सही घ्यायचे.

या सगळ्यावर वर्षातून एकदा तपासणी. म्हणजे माणसं मुद्दाम आजारी पाडायची आणि मग किती आजारी पडली ते बघायला डॉक्टर ठेवायचा. ज्याच्या फोटोत डाग, तो अनफिट. अनफिट म्हणजे वर काढायचा, मग महिन्या-दोन महिन्यांत बाहेर काढायचा, मग क्वार्टरमधून काढायचा. औषध कुणाला दिलं? पाणी कुणी सोडलं? डाग सापडला की दगड नाही, माणूस बदलायचा.

बघ कसं झालं. रोग झाल्याची शिक्षा रोग्याला. मग माणसं रोग लपवणार नाहीत तर काय करतील?

तू लिहितोस, "ताई, आता इथे मी आरोग्य विभाग बघतो, इथले फोटो माझ्याच हाताखाली फाईल होतात, माझी इज्जत आहे." मालक तेच. खाण दुसरी. तू गेलास आणि पुढच्याच तपासणीत इथले अकराही जण अनफिट ठरले. बढती देऊन तुला इथून एवढ्या लांब का नेलं, असं तुला दोन वर्षांत कधी वाटलं नाही?

आणि एक विचारते. रागानं नाही, खरंच विचारते. तिथल्या फायलींत असतील की स्वच्छ छात्या, वर्षानुवर्षांच्या. तू तर त्यातला जाणकार. तिथे कोण उभं राहतं रे?

ताई

*

१८ मार्च

बारक्या,

तीन आठवडे उत्तर नाही. ठीक. आज मी मागायला लिहीत नाही, एक बातमी द्यायला लिहिते. ती तुला दुसऱ्याकडून कळू नये.

मंडळानं अकराही जणांचे फोटो छातीच्या इस्पितळात तपासायला पाठवले होते. तिथली डॉक्टरीण लहान आहे, माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी तरी. बोलते कमी. काल तिनं मला एकटीला आत बोलावलं. भिंतीवर ती दिव्याची पेटी असते ना, तिच्यावर दाजींचा आत्ताचा फोटो लावला होता. मी त्यातलं काही जाणत नाही, पण मलाही कळलं. दोन्ही बाजूंनी गारा पडल्यासारखं.

मग तिनं शेजारी कंपनीचा फोटो लावला. काळाभोर, स्वच्छ. म्हणाली, "ताई, मिस्टरांचं इथलं हाड कधी मोडलं होतं का?" आणि स्वतःच्या गळ्याखाली डाव्या बाजूला बोट ठेवलं.

मी म्हणाले, "नाही."

"या फोटोत मोडून जुळलेलं आहे. जरा वाकडं जुळलंय. लहानपणीचं असणार."

तिनं फोटो काढला, दुसरा लावला. तिसरा. म्हणाली, "हा पंपवाल्यांचा. त्यांचंही तिथेच मोडलंय." चौथा. पाचवा. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात वेगळा नंबर आणि प्रत्येकात तोच गळ्याखालचा उंचवटा. अकरा माणसं, एक हाड. शेवटी तिनं दिवा बंद केला आणि खुर्चीत बसली.

"सगळे एकाच सायकलवरून पडले होते का?" तिनं विचारलं.

ती सहज बोलली. सायकल तिला कुठून माहीत असणार? पण मी खुर्चीचा हात धरला. सायकल मी चालवत होते, बारक्या. तू पुढच्या दांडीवर बसला होतास, सहा वर्षांचा. उतारावर ब्रेक लागला नाही. आईला आपण सांगितलं की तू पळताना पडलास. तुझं हाड वाकडं जुळलं ते त्यामुळे. डॉक्टरकडे दोन दिवस उशिरा गेलो.

मी तिला तुझं नाव सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "हे फोटो यांचे नाहीत, असं मी लिहून देऊ शकते. देणारच आहे. पण मग कंपनीचा वकील म्हणेल की कामगारांनी कंपनीला फसवलं. फसवणाऱ्याला भरपाई मिळत नाही. फोटो काढणाऱ्याला हे माहीत होतं, असं कुणीतरी सांगायला हवं. तिथे उभ्या राहिलेल्या माणसानंच."

मी विचारलं, "आणि कंपनीचा डॉक्टर? त्यानं तर प्रत्येक फोटोवर सही केली आहे. त्याला ते हाड दिसलं नाही?"

ती म्हणाली, "मला पंधरा मिनिटं लागली."

पंधरा मिनिटं, बारक्या. त्यांच्याकडे नऊ वर्षं होती.

घरी येऊन दाजींना सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी भिंतीवरची फ्रेम उतरवायला सांगितली. कुठली ते तुला आठवत असेल. सातव्या वर्षी सगळ्यांसमोर स्टेजवर बोलावून दिली होती. "निरोगी कामगार." मांडीवर घेऊन बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "फुप्फुसं मेहुण्याची, बक्षीस माझं. त्याला पाठवून दे. त्याच्या हक्काचं आहे."

पाठवत नाही. जड आहे आणि काच फुटेल.

ताई

*

३ एप्रिल

बारक्या,

या वेळी हातानं लिहिलंस. अक्षर तेच आहे, उजवीकडे पडणारं. चारच ओळी. शेवटची अशी: "मंडळाला सगळं सांगायचंच असेल तर शर्ट कोणी शिवला तेही सांग."

सांगणार आहे. पण आधी तुला सांगते, कारण तुलाही पुरतं माहीत नाही. आणि पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. तुम्ही दोघांनी ठरवलं नव्हतं. ठरवलं मी.

त्या वर्षी बाजाराच्या मैदानात फिरता दवाखाना आला होता. दाजींनी सहज फोटो काढून घेतला. त्यात डाग निघाला. लहान होता, मसुरीएवढा असं तो डॉक्टर म्हणाला. कंपनीची तपासणी महिन्यावर आली होती. ती रात्र आम्ही जागून काढली. सकाळी दाजी म्हणाले, "डाग आहे तर आहे. वर काढतील, काढू देत. वर काहीही काम करीन. झाडू मारीन."

मी म्हणाले, "झाडू मारणाऱ्याला क्वार्टर मिळत नाही."

ते म्हणाले, "अगं, जीव राहिला तर घर मिळेल."

मी म्हणाले, "डाग काय, पुसला जातो. चार महिने टॉनिक घ्या."

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मी तुला बोलावलं. तू नाही म्हणू नयेस म्हणून जेवायला बोलावलं आणि तुझं ताट पुसून झाल्यावर विचारलं. तू घाबरला होतास. मी तुला काय म्हणाले ते आठवतं? "उघड्या अंगाला नंबर नसतो."

खरंच नव्हता. त्या खोलीची रीतच तशी होती. शर्ट काढून खुंटीला लावायचा, छातीवरचा नंबर बाहेर. फोटोवाला खुंटीवरचा नंबर बघून प्लेटवर घालायचा. माणसाकडे बघायचं कामच नाही. शर्ट ज्याचा, छाती त्याची.

पहिल्या वर्षी तू दाजींचा शर्ट घालून गेलास. बाह्या बोटांपर्यंत. दारावरचा शिपाई म्हणाला, "काय रे, शर्ट वाढत्या अंगाचा घेतला का?" तू घरी येऊन सांगितलंस. म्हणून दुसऱ्या वर्षी मी तुझ्या मापाचा शिवला. तोवर पंपवाल्याच्या बायकोला कळलं होतं. तिच्या नवऱ्यालाही डाग होता. मग तिच्या शेजारणीला. मी नंबराच्या पट्ट्या वेगळ्या केल्या, मागे टिचबटणं लावली, चार कोपऱ्यांना चार. खिशाच्या वर तशीच चार. पट्टी काढायची, दुसरी दाबायची, टिच टिच. एक शर्ट, अकरा नंबर. शिवणकामात मी इतकी नीट गोष्ट दुसरी केली नाही. बायका म्हणायच्या, वहिनी, तुमच्या हातात जादू आहे. कुणाकडून मी काही घेतलं नाही. मला वाटायचं, पुण्य करते आहे.

हे वाक्य लिहून मी उठले होते. परत येऊन बसले आहे.

डॉक्टरणीला मी विचारलं की तेव्हाच बाहेर काढलं असतं तर? ती म्हणाली, "डाग गेला नसता. पण वाढण्याचा वेग..." पुढचं बोलली नाही. मी बोलायला लावलं नाही. मला गणित येतं. नऊ वर्षं मी त्यांना खाली पाठवलं, डबा भरून.

आता तुला वाटेल, ताईनंच कबूल केलं, आपण सुटलो. नाही. माझा वाटा मी उचलते. तुझा तू उचल. पण त्यांचा वाटाही आपल्याच डोक्यावर ठेवायला ते आलेत, आणि तो मी घेणार नाही. पाणी मी बंद केलं नव्हतं. रोग्याला बाहेर फेकायचा नियम मी केला नव्हता. त्यांनी दार असं बांधलं की खोटं बोलल्याशिवाय माणूस आत राहूच नये, आणि आता म्हणतात, तुम्ही खोटारडे.

आणि त्यांना माहीत होतं. तूच सांगितलंस. तिसरं वर्ष. आमच्या दारात बसून, हसत. तू पट्टी बदलायला विसरून तसाच परत रांगेत आलास. फोटोवाल्यानं खुंटीकडे बघितलं, मान वर न करता म्हणाला, "अरे, नंबर फिरव की. हा मघाशी झाला." तू बाहेर जाऊन पट्टी बदललीस आणि परत उभा राहिलास. डॉक्टर शेजारच्याच टेबलावर चहा पीत होता. तो म्हणाला, "लवकर आटपा, आज चाळीस व्हायचेत."

त्या दिवशी आपण किती हसलो. दाजींना हसता हसता खोकला आला. पहिल्यांदा.

ते वाक्य हवंय मला मंडळासमोर. "अरे, नंबर फिरव की." ते मी सांगितलं तर ऐकीव. तू सांगितलंस तर पुरावा. यात अकरा घरं आहेत. तू आमच्यासाठी केलंस म्हणतोस ना? मग अर्धंच झालंय ते.

१४ तारीख. अकरा वाजता.

ताई

*

१५ एप्रिल

बारक्या,

तू आला नाहीस.

काल तुझ्यासाठी एक खुर्ची मी पिशवी ठेवून धरली होती. दुपारी पंपवाल्याच्या बायकोनं पिशवी उचलली, मांडीवर घेतली आणि तिथे बसली.

काय झालं ते सांगते. तुला नोटीस येईल त्याआधी कळलं पाहिजे.

डॉक्टरणीनं फोटो लावले आणि हाड दाखवलं. अध्यक्ष म्हातारे आहेत, चष्मा कपाळावर चढवून पेटीला नाक लावून बघत होते. मग कंपनीच्या डॉक्टरला म्हणाले, "तुमच्या सह्या आहेत या. एकाच माणसाचं हाड अकरा जणांत तुम्हाला दिसलं नाही?"

तो म्हणाला, "मी फुप्फुसं बघतो, साहेब. हाडं बघत नाही."

पंपवाल्याची बायको बसल्या जागेवरून म्हणाली, "आमच्या माणसाची तर शेवटी हाडंच उरली होती, साहेब. तीच बघायची होती."

तिला गप्प बसवलं. अध्यक्षांनी नाही, त्यांच्या शिपायानं.

मग वकील उठला. मला भीती होती तेच बोलला. कामगारांनी संगनमतानं कंपनीला फसवलं, कंपनी बिचारी अंधारात. तो "बिचारी" म्हणाला नाही, पण तोंड तसं केलं होतं. आणि तुझ्या दाजींना विचारलं, "या फोटोत कोण आहे?"

मी त्यांच्या मशीनची पिशवी धरून शेजारी उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "माहीत नाही."

"तुमच्या नंबरावर नऊ वर्षं कोणी तरी उभं राहिलं आणि तुम्हाला माहीत नाही?"

"मी खाली असायचो, साहेब. वर कोण उभं राहायचं, मला काय माहीत?"

"तुम्ही शपथेवर बोलताय."

"बोलतोय कसला? धापा टाकतोय."

लोक हसले. वकील हसला नाही. अध्यक्षांनी बजावलं की उत्तर दिलं नाही तर अर्ज इथेच निकालात निघेल. दाजी म्हणाले, "माहीत नाही." तिसऱ्यांदा. ओठ निळे झाले होते. मी नळी नीट करायला वाकले तेव्हा कानात म्हणाले, "पोरी आहेत त्याला. गप्प राहा."

त्यांच्याकडे जो श्वास आहे तो मोजका आहे, बारक्या. त्यातला तेवढा त्यांनी तुझ्यासाठी खर्च केला. घर जात होतं, मशीन जात होतं, शेजारी दहा घरं जात होती, आणि हा माणूस मेहुण्याला झाकत होता. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. आणि मला कळलं की डाग निघाला तेव्हाही ते असेच गप्प बसले होते. मला झाकायला.

मी हात वर केला. म्हणाले, "मला माहीत आहे."

शर्ट पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. पट्ट्याही. पाच उरल्यात. एक दाबून दाखवली, काढून दुसरी दाबली. खोलीत तेवढाच आवाज. सगळं सांगितलं, टॉनिकसकट. वकिलाचा चेहरा उजळला. "म्हणजे फसवणूक तुम्ही केलीत, हे तुम्हाला कबूल आहे?"

"कबूल आहे," मी म्हणाले. "मी शिवणारी बाई आहे. मी चार टिचबटणं लावून तुमचा डॉक्टर, तुमचा फोटोवाला, तुमचा साहेब नऊ वर्षं फसवला, असं तुम्हाला लिहून घ्यायचं असेल तर घ्या. मग त्याच्याखाली हेही लिहा की असल्या लोकांच्या हाती तुम्ही हजार माणसांच्या छात्या दिल्या होत्या. आणि फसले नसतील, तर त्यांना माहीत होतं. दोन्हींतलं कुठलं घेता ते तुम्ही ठरवा."

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. विचारलं, "तो माणूस कोण?"

"माझा भाऊ."

"नाव, पत्ता?"

दाजींनी माझा हात धरला. जोर नव्हता त्यात. मी दिला. नाव, हुद्दा, खाण, घर नंबर. सगळं. अध्यक्षांनी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवून म्हणाले, "बाई, भावाला अडकवताय, हे समजून देताय ना?" मी हो म्हणाले.

त्यांनी दोन हुकूम दिले. फोटोखोलीतल्या वह्या आणि सगळ्या वर्षांच्या सगळ्या प्लेटा त्याच दिवशी ताब्यात घ्यायच्या, फक्त या अकरांच्या नाही. संध्याकाळी मंडळाची गाडी फाटकातून आत जाताना मी डोळ्यांनी पाहिली. आणि तुला नोटीस. ती परवा निघेल. मी मुद्दाम विचारून घेतलं. नोटिशीआधी तू आपणहून आलास तर साक्षीदार. नोटीस घेऊन आलास तर आरोपी. सुनावणी ५ मेपर्यंत पुढे ढकलली आहे. तोपर्यंत क्वार्टरला कुणी हात लावायचा नाही, हेही त्यांनी लिहून दिलं.

दाजी कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. आज सकाळी फक्त म्हणाले, "एकुलता भाऊ होता तुझा."

मी म्हणाले, "आहे."

हे पत्र टपालात टाकत नाही. डॉक्टरणीचा माणूस तुमच्या बाजूला जातोय, तो उद्या दुपारी तुझ्या हातात देईल. संध्याकाळची बस धरलीस तर पहाटे इथे पोचशील आणि ऑफिस उघडायच्या आत मंडळाच्या दारात असशील. आधी घरी ये. हाक मारू नकोस, ते दचकतात. दार उघडंच असतं. तुझ्यासाठी नाही. त्यांना हवा पुरत नाही.

ताई